तुम्ही विचारलंत म्हणून: दीड वाजल्यानंतरची शाळा

“गावात शाळा आहे, शिक्षक आहेत, पुस्तकं फुकट, दुपारचा आहार फुकट. मग तुम्ही कॉलेजची पोरं तिथं वेगळं काय शिकवता?” महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. परवा चुलतबहिणीच्या साखरपुड्यात एका काकांनी विचारला, तेव्हा माझ्या हातात जेवणाचं ताट होतं. धड उत्तर देता आलं नाही. काका, तुम्ही विचारलंत म्हणून आता सावकाश सांगते.

तुमच्या नातवाची शाळा दीडच्या सुमाराला सुटते. तो जेवतो, जरा लोळतो, चारला एका ट्यूशनला जातो, साडेपाचला दुसऱ्या. रात्री वयनी त्याची डायरी उघडून बसतात. आमच्या गावात, गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणारी चौथीतली एक मुलगीही दीडलाच घरी येते. आई चार घरची भांडी घासायला गेलेली असते, बाबा बांधकामावर. ती धाकट्या भावाला भरवते, नळाला पाणी आलं की बालद्या भरून ठेवते. डायरी दप्तरातच राहते, कारण ती वाचणारं घरात कुणी नाही. शाळा दोघांनाही मिळाली. दीडनंतरची दुपार मात्र एकालाच मिळाली. आम्ही जे काही शिकवतो ते त्या दुपारीच, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, मांदरी (चटई) घालून, आठवड्यातले चार दिवस.

गावची शाळा जुनी. भाऊसाहेब बांदोडकर 1963 साली गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातलीच ही एक. माझी आजी नऊ वर्षांची घोडी होऊन पहिलीत बसली होती, हे ती अजून कौतुकानं सांगते. आज त्या शाळेत गावातलं मूल शोधावं लागतं. मराठीवर भाषणं ठोकणारे आम्ही सगळे आपापली पोरं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढवून मोकळे झालो (मीही त्याच बसमधून गेले, तेव्हा फार बोलत नाही). शाळेला कुलूप लागलं नाही ते गदग, कोप्पळ, विजापूरकडून आलेल्या मजुरांच्या मुलांमुळे. आमची मराठी शाळा मराठी न बोलणाऱ्या घरांनी तगवली आहे.

त्यातही एक मेख आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू झाला. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवा, आणि मागचं भरून काढायला खास प्रशिक्षण द्या, असं तो सांगतो. यातलं पहिलं लगेच होतं. नऊ वर्षांचं मूल आलं की चौथीत नाव लागतं. दुसऱ्यासाठी बाईंना वेळ कुठून मिळणार? एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता, शिवाय आहाराच्या नोंदी आणि वरून येणारे तक्ते. मी बाईंना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर जूनमध्येच पळून गेले असते.

कुणाला किती वाचता येतं, हे आम्ही पहिल्या आठवड्यात ‘असर’च्या सर्वेक्षणात करतात तसं पाहिलं. ‘प्रथम’ संस्था 2005पासून हे सर्वेक्षण करते. मुलापुढे क्रमानं अक्षरं, शब्द, छोटा उतारा आणि गोष्ट ठेवायची. जिथं ते अडखळेल तिथून शिकवायला सुरुवात. इयत्ता विचारायची नाही. ही मुलगी अक्षरांवर होती. 2011च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता 88.70 टक्के निघाली, शाळेत असताना हा आकडा मी पाठ केला होता. चौथीतलं मूल ‘कमळ’ शब्दावर थांबलेलं पाहिल्यावर तो आठवला आणि उगाच ओशाळल्यासारखं झालं.

‘ह हत्तीचा’ शिकवताना ती म्हणाली, “आमच्या गावात हत्तीचं शेत आहे. आजी तोडते.” सगळे खो खो हसले, मीही हसले. म्हटलं, थापा मारते. ती गप्प झाली ती त्या दिवशी पुन्हा बोललीच नाही. दोन दिवसांनी तिच्या आईनं हातवारे करून समजावलं: कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. सोंडवाल्या प्राण्याला त्या म्हणतात आने. गदगकडे कापूस पिकतो, आजी तो तोडते. पोरीचं वाक्य अक्षरन् अक्षर खरं होतं. चित्र पुस्तकात तिच्या समोरच होतं म्हणा, पण मास्तरीण एक शब्द म्हणते आणि पुस्तक भलतंच काही दाखवतं, तेव्हा चूक कुणाची, हे नऊ वर्षांच्या मुलीनं कसं ठरवायचं?

त्यानंतर बरंच बदललं. पूर्वी कुणी ‘ते खुर्ची’, ‘ते पंखा’ म्हटलं की मी तिथल्या तिथं सुधारत असे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला तो-ती नसतं, सगळं ‘ते’च, हे कळल्यावर थांबले. आता आधी वाचू देते, खुर्चीचं लिंग नंतर पाहू.

आमचं चुकलं तेही सांगते. आम्ही सुरुवात केली ती एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, तासांसाठी. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, की प्रमाणपत्र. पहिल्या महिन्यात वह्या वाटल्या, फोटो काढले. मग चवथ (गणेश चतुर्थी) आली, लगोलग आमच्या परीक्षा. दीड महिना अग्रशाळेकडे कुणी फिरकलं नाही. परत गेलो तेव्हा निम्मीच मुलं आली. आलेल्यांपैकी एकानं विचारलं, “अक्का, आता किती दिवस?” ती आम्हाला अक्काच म्हणतात. उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग एका जोडीची परीक्षा तर दुसरी जोडी मोकळी, अशा पाळ्या लावल्या. फोटो बंद केले.

गावातूनही कुरकुर झालीच. “घाटी पोरांना देवळात कशाला?” असं एकानं तोंडावर म्हटलं. घाटी म्हणजे घाटापलीकडून आलेले, हेटाळणीनं म्हणतात ते. शब्द नवा नव्हता, आमच्या घरातही तो सहज वापरला जायचा. देवळाच्या समितीतल्या एका आज्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि “झाडून ठेव” एवढंच सांगितलं. त्यावर वाद मिटला.

ती मुलगी आता छोटा उतारा वाचते, बोट ठेवून. डिसेंबरात तिच्या बाबांचं काम पेडण्याकडे निघालं तर तीही जाईल. म्हणून तिला काय येतं आणि कुठं अडतं ते एका वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या शाळेतल्या बाई ती वही उघडतील की नाही, देव जाणे.

या महिन्यात पहिल्या वर्षाचा एक मुलगा आमच्यात आला. पहिल्याच दिवशी तो मांदरीवर बसला आणि मुलांशी चक्क कन्नड बोलायला लागला. त्याची आई हुबळीची. कॉलेजात त्यानं हे अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्याच्या मोडक्या कन्नडला पोरं आता मनसोक्त हसतात, आणि ती हत्तीवाली मुलगी त्याचे शब्द सुधारते, तिथल्या तिथं.