गॅप पडला म्हणून शिष्यवृत्ती बुडत नाही

बारावीनंतर लग्न झालं किंवा घरच्यांसोबत ऊसतोडीला जावं लागलं, आणि काही वर्षांनी कॉलेजला पुन्हा नाव घातलं, की हमखास ऐकू येतं, "गॅप आहे, आता स्कॉलरशिप विसरा." हे ऐकून अर्जच न भरणं हे सगळ्यात मोठं नुकसान.

गॅप किती वर्षांचा यापेक्षा तो कुठे पडला हे महत्त्वाचं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची अट आहे की अभ्यासक्रम चालू असताना २ किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा. म्हणजे प्रवेशाआधीचा गॅप या अटीत येत नाही; पहिलं वर्ष करून सोडलं आणि तीन वर्षांनी त्याच पदवीच्या दुसऱ्या वर्षाला परत आलात, तर येतो. प्रवेशाआधीच्या गॅपसाठी कॉलेज प्रतिज्ञापत्र मागतं. त्या काळात दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता, असं त्यात स्पष्ट लिहा आणि वर्षं गुणपत्रिकांशी ताडून घ्या. १७ नंबरचा फॉर्म भरून (म्हणजे बाहेरून परीक्षा देऊन) बारावी झालेल्यांनी बिचकू नये, ते प्रमाणपत्रही बोर्डाचंच असतं.

खरी अडचण वेगळीच असते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एकदा पूर्ण केलेल्या पातळीवर पुन्हा पैसे मिळत नाहीत. बी.ए. झाल्यावर बी.कॉम.ला प्रवेश घेतला तर अर्ज बाद. बी.ए.नंतर एम.ए. चालतं. शाखा बदलायची असेल तर हे प्रवेशाआधीच बघा, फी भरल्यावर कळून उपयोग नसतो.

उत्पन्नाचा दाखला कुणाचा, यावर लग्न झालेल्या ताईंचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अनुसूचित जातीच्या याच शिष्यवृत्तीत विवाहित आणि नोकरी न करणाऱ्या विद्यार्थिनीसाठी पतीचं उत्पन्न धरतात, मर्यादा २.५ लाख. त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपमध्ये, म्हणजे शुल्कमाफीत, अर्ज करा. ओबीसींना लागणाऱ्या नॉन क्रीमीलेअर दाखल्याचं मात्र उलट आहे. ते आईवडिलांच्या स्थितीवर ठरतं, त्यामुळे त्याची कागदपत्रं माहेरची लागतात. तहसीलच्या उत्पन्न दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, मागच्या वर्षीचा जोडू नका.

बीड, धाराशिव, जालन्याकडच्या ऊसतोड कुटुंबांनी हे सगळं दिवाळीच्या आत उरकावं. आधारला जोडलेला मोबाईल वडिलांसोबत कारखान्यावर गेला की ओटीपीसाठी अर्ज अडून बसतो. टोळी निघायच्या आधी विद्यार्थ्याच्या आधारला त्याचा स्वतःचा नंबर जोडून घ्या.

मुलींसाठी २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही, खासगी अभिमत विद्यापीठातही नाही.

अर्ज मंजूर होऊनही पैसे दिसत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा बँक असते. रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि परत शिकायला आलेल्यांचं ते खातं अनेकदा सासरच्या गावचं किंवा शाळेत असताना काढलेलं, वापर नसल्याने बंद पडलेलं असतं. आधार कोणत्या खात्याला जोडलंय हे बँकेत विचारा, खातं बंद असेल तर केवायसी करून चालू करा आणि मगच अर्ज भरा.