पोर्ट सईद ते सुएझ: कालव्याच्या काठाने इजिप्तची युद्धं पाहताना

इजिप्तला जाणारी आपली बहुतेक मंडळी पिरॅमिड, लक्सर, अस्वान आणि नाईलवरची क्रूझ एवढं करून परततात. आम्ही या वेळी सुएझ कालव्याच्या काठाने फिरलो. स्वतंत्र इजिप्तच्या सगळ्यांत मोठ्या लढाया १९३ किलोमीटरच्या या पाण्याभोवती झाल्या, आणि त्यांच्या खुणा अजून जागेवर आहेत. सोबत माझे मामा होते, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले. पूल बांधणं आणि सुरुंग काढणं यात त्यांची नोकरी गेली, त्यामुळे ही सहल खरं तर त्यांच्याच हट्टाची.

जाणाऱ्यांना पहिली सूचना क्रमाबद्दल. कैरोतल्या ऑक्टोबर युद्धाच्या पॅनोरामापासून सुरुवात करू नका. तिथे १९७३ चा विजय इतक्या झगमगाटात दाखवला आहे की त्याच्या आधीचं आणि नंतरचं काही दिसेनासं होतं. आधी पोर्ट सईद, मग इस्माइलिया, मग सुएझ आणि सगळ्यांत शेवटी कैरो असं करा. म्हणजे १९५६, १९६७ आणि १९७३ ओळीने समोर येतात.

कैरोहून पोर्ट सईद बसने तीन तासांच्या आसपास. गावात शिरल्यावर आधी समुद्राकडच्या धक्क्यावर जा. तिथे एक मोठा दगडी चौथरा आहे, वर काहीच नाही. कालवा खोदणाऱ्या फर्दिनां द लेसेप्सचा पुतळा १८९९ पासून त्यावर उभा होता. डिसेंबर १९५६ मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजा गेल्या आणि लोकांनी तो सुरुंग लावून उडवला. पुतळा नंतर दुरुस्त झाला आणि अलीकडे इस्माइलियाच्या कालवा संग्रहालयात गेला, चौथरा मात्र तसाच ठेवला आहे.

इजिप्तला स्वातंत्र्य मिळालं १९२२ मध्ये, पण ब्रिटिश सैन्य कालव्यावर बसून राहिलं ते जून १९५६ पर्यंत. शेवटची तुकडी याच पोर्ट सईदमधून बोटीत चढली. २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष नासेर यांनी कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं, ऑक्टोबरअखेर इस्रायल सिनाईत घुसलं, आणि ५ नोव्हेंबरला ब्रिटिश छत्रीधारी सैनिक गावाबाहेरच्या गमील विमानतळावर उतरले. म्हणजे गेल्यावर पाच महिन्यांत परत! लष्करी अर्थाने इजिप्त ही लढाई हरला. पण अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांच्याही दबावामुळे हल्लेखोरांना निघावं लागलं आणि कालवा इजिप्तकडेच राहिला. गावातल्या लष्करी संग्रहालयात त्या दिवसांतल्या गल्लीगल्लीतल्या लढाईची चित्रं आहेत आणि आवारात १९७३ मध्ये हाती लागलेले रणगाडे. १९५६ च्या लढाईनंतर इस्रायलच्या सीमेवर संयुक्त राष्ट्रांची फौज आली, तिच्यात भारतीय सैनिकही होते, आणि १९६७ च्या जूनमध्ये गाझात त्यांतले काही मारले गेले. आपल्याकडे हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पोर्ट सईदला आणखी एक गोष्ट मुंबईकरांनी डोक्यात ठेवून जावी. २१ ऑक्टोबर १९६७ ला इजिप्तच्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी इथल्या समुद्रात ‘एलात’ ही इस्रायली विनाशिका बुडवली. जहाजावरून जहाजावर सोडलेल्या क्षेपणास्त्राने युद्धनौका बुडण्याची ती पहिली वेळ. ती क्षेपणास्त्रं सोव्हिएत बनावटीची, स्टिक्स. चार वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, आपल्या नौदलाने कराचीवर हीच वापरली, आणि तोच दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. मामा धक्क्यावर बराच वेळ समुद्राकडे तोंड करून हेच सांगत होते. पलीकडे पोर्ट फुआदला जाणारी फेरी फुकट आहे. तीतून एक फेरी माराच, आफ्रिकेतून आशियात पोहोचायला काही मिनिटं लागतात.

इस्माइलिया हिरवं, शांत गाव. २५ जानेवारी १९५२ ला इथल्या पोलिसांनी ब्रिटिशांना शस्त्रं द्यायला नकार दिला आणि साध्या बंदुकांनी रणगाड्यांशी लढताना सुमारे ५० जण मेले. दुसऱ्या दिवशी कैरो पेटलं, सहा महिन्यांत राजा गेला. २५ जानेवारी हा तेव्हापासून पोलीस दिन. २०११ ची क्रांती याच तारखेला सुरू झाली ते त्यामुळेच.

इथून पुढे कालवा ओलांडून तब्बत अल-शगराला गेलो. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने कालव्यापर्यंतचं सगळं सिनाई जिंकलं होतं. सिनाईच्या बाजूच्या टेकडीवरचं हे इस्रायली ठाणं १९७३ मध्ये इजिप्तच्या हाती लागलं. पूर्ण सहलीत मला हीच जागा सगळ्यांत जास्त आवडली. चर, भुयारी खोल्या, झोपायच्या फळ्या सगळं आत जाऊन पाहता येतं. भिंती कशाच्या आहेत ते नीट बघा. आपल्याकडे ओढ्यावर गॅबियन बंधारा बांधतात तसे तारेच्या जाळीत कोंबलेले दगड, थरावर थर. आणि बार-लेव्ह रेषेतल्या, म्हणजे कालव्याकाठच्या इस्रायली तटबंदीतल्या, अशा बंकरांची छपरं रेल्वेच्या रुळांनी मजबूत केलेली असत. हे रूळ सिनाईतल्या इजिप्शियन रेल्वेचे, १९६७ नंतर उखडलेले. मामांनी एका जाळीवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, “तोफगोळ्याने हे फुटत नाही गं. दगड हलतात, धक्का जिरवतात.”

मग फुटलं कसं? कालव्याच्या पूर्व काठावर वाळूचा वीस मीटरच्या आसपास उंच बांध होता. त्यातून रणगाड्यांना वाट काढायची तर स्फोटकांनी फार वेळ गेला असता. बाकी झाकी युसूफ या इजिप्शियन अभियंता अधिकाऱ्याने अस्वानच्या उंच धरणावर काम केलं होतं आणि तिथे पाण्याच्या माऱ्याने वाळू हलवताना पाहिली होती. त्यांनी तोच उपाय सुचवला. ब्रिटन आणि जर्मनीतून पंप आणले, एकूण ४५०. ६ ऑक्टोबर १९७३ ला दुपारी दोनच्या सुमारास तोफखाना सुरू झाला, रबरी होड्यांतून पायदळ पलीकडे गेलं, आणि कालव्याचंच पाणी ओढून बांधाला भगदाडं पाडली. रात्रीपर्यंत तरंगते पूल जोडले गेले. हे सोव्हिएत पीएमपी पूल मामांनी नोकरीत स्वतः जोडलेले. समोरून गोळीबार चालू असताना इतक्या रुंद पाण्यावर असा पूल टाकणं म्हणजे काय, हे त्यांनी मला काठावर उभं राहून टप्प्याटप्प्याने समजावलं. इजिप्तचे तेव्हाचे सेनाप्रमुख साद अल-शाझली यांच्या या योजनेबद्दल त्यांच्या मनात प्रचंड आदर आहे, आणि आता माझ्याही.

पण गोष्ट तिथे संपत नाही, म्हणून सुएझ चुकवू नका. १५-१६ ऑक्टोबरच्या रात्री इस्रायली सैन्य ग्रेट बिटर सरोवराच्या उत्तर टोकाला, देव्हरस्वारपाशी, उलट्या दिशेने कालवा ओलांडून आलं. त्यांनी सुएझ शहर आणि पूर्वेकडची इजिप्तची तिसरी आर्मी वेढली. २४ ऑक्टोबरला इस्रायली रणगाडे शहरात शिरले ते अरबईन चौकापर्यंत. तिथे सैनिक आणि साधे नागरिक मिळून लढले, शेख हाफिज सलामा हे त्यांतलं मोठं नाव, आणि शहर पडलं नाही. २४ ऑक्टोबर हा आजही सुएझचा दिवस. मला विचाराल तर ६ ऑक्टोबरच्या विजयाइतकीच ही लढाई महत्त्वाची आहे, कारण इथे पाठीशी कुणी नव्हतं.

या शहराने आधीच खूप सोसलं होतं. १९६७ ते १९७० रोज तोफा चालायच्या. ९ मार्च १९६९ ला सेनाप्रमुख अब्देल मोनेम रियाद स्वतः पुढच्या मोर्चावर मारले गेले. कालव्याकाठच्या तिन्ही शहरांतून लाखो लोकांना हलवलं होतं. आमच्या हॉटेलाजवळच्या कॉफीहाऊसमध्ये एक आजोबा भेटले. त्यांचं बालपण आतल्या एका खेड्यात शाळेच्या वर्गात संसार मांडून गेलं होतं. तिथेच संध्याकाळी सिमसिमिया ऐकली. हे छोटं तंतुवाद्य या भागाचा जीव आहे. युद्धात कॅप्टन गझाली यांचं पथक सुएझच्या खंदकांत जाऊन त्यावर गायचं. आजोबांनी टाळ्यांचा ठेका धरला, आम्हीही धरला. कुठे वाजवतात ते चहावाल्याला विचारा, तो सांगतो.

सुएझहून कैरोला येताना रस्त्यावर १०१ वा किलोमीटर लागतो. २८ ऑक्टोबर १९७३ ला इथेच तंबूत इजिप्तचे अल-गमसी आणि इस्रायलचे यारीव्ह हे सेनाधिकारी समोरासमोर बसले. पुढचा १९७९ चा शांतता करार आणि १९८२ मध्ये सिनाई परत मिळणं, ही वाट इथून सुरू होते.

येमेनमधल्या युद्धाची खूण मात्र या वाटेवर कुठेच नाही. १९६२ पासून इजिप्तचे हजारो सैनिक तिथल्या यादवीत अडकले होते, आणि ५ जून १९६७ च्या सकाळी इस्रायली हल्ल्यात इजिप्तचं वायुदल जमिनीवरच संपलं तेव्हाही बरेच जण तिकडेच होते. लिबियाशी जुलै १९७७ मध्ये झालेलं चार दिवसांचं युद्धही असंच विसरलेलं. जाण्यापूर्वी दोन्हींबद्दल थोडं वाचून जा.

आता कामाच्या गोष्टी. कालवा, पूल, बोगदे, चौक्या आणि गणवेशातली माणसं यांचे फोटो काढू नका. आधी विचारा, नाही म्हणाले तर मोबाईल खिशात. ड्रोन आणि दुर्बीण घरीच ठेवा. पासपोर्ट कायम जवळ लागतो, सिनाईकडे जाताना बोगद्यापाशी तपासणीला वेळ जातो. व्हिसा इथूनच काढून जा. उत्तर सिनाईत, म्हणजे अल-अरिश आणि रफाहकडे, जाऊ नका. तिथला दहशतवाद ही याच इतिहासाची ताजी बाजू आहे, नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या एका मशिदीत ३०० हून अधिक माणसं मारली गेली. लष्करी संग्रहालयं दुरुस्तीसाठी अचानक बंद असतात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला फोन करायला सांगा. माहिती बहुतेक अरबीतच आहे, तेव्हा एक दिवसाचा स्थानिक वाटाड्या घ्या, पैसे वसूल होतात. शाकाहारी मंडळींची कोशरी (भात, मसूर आणि पास्ता), फूल (शिजवलेला बाकला) आणि तामिया (बाकल्याचे वडे) यांवर उत्तम सोय होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान.

कैरोत शेवटी पॅनोरामा बघा. उत्तर कोरियाच्या मदतीने बांधलेला, १९८९ मध्ये उघडलेला, फिरत्या बैठकीवरून दिसणारं भलंमोठं गोल चित्र. जवळच नसर सिटीत अनामवीरांचं पिरॅमिडच्या आकाराचं स्मारक आहे, त्याखाली १९७३ च्या युद्धाच्या वेळचे राष्ट्राध्यक्ष सादात यांची कबर. ६ ऑक्टोबर १९८१ ला विजयाच्याच संचलनात रस्त्यापलीकडे त्यांची हत्या झाली.

हेलिओपोलिसच्या युद्ध दफनभूमीसाठी एक सकाळ राखून ठेवा. पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये मेलेल्या सुमारे ४,००० भारतीय सैनिकांचं स्मारक मुळात सुएझजवळ पोर्ट तौफिकला, कालव्याच्या तोंडाशी होतं. १९६७ ते १९७३ च्या लढायांत ते उद्ध्वस्त झालं, म्हणून १९८० मध्ये ती नावं इथे प्रवेशद्वारापाशी नव्याने कोरली. तुमच्या घरातलं कुणी त्या काळी ‘मिसर’ला गेलं असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण शोधून फलकाचा क्रमांक लिहून न्या. हजारो नावांत नुसत्या डोळ्यांनी शोधणं अवघड जातं, आणि दुपारी दफनभूमी लवकर बंद होते.