उंटाची मान

माझा वजीर मरायला टेकला होता आणि मी समोरच्या घोड्याची आयाळ बघत बसलो होतो. आयाळ म्हणजे काय, तर चार रेघा. पण त्यातली तिसरी किंचित जाड होती आणि तेवढ्यानं तो घोडा आत्ताच कुठूनतरी दौडत येऊन थांबलाय असं वाटत होतं. काढणाऱ्यानं ती मुद्दाम जाड ठेवली असेल की हात घसरला असेल? या विचारात सतरा सेकंद गेले. मग वजीर गेला. मग वेळही गेली.

लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर नवा माणूस आला की त्याला 1500 रेटिंगवर उभं करतात, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. मी पाच वर्षं मन लावून खेळून 1100 वर आलोय. चित्रकलेतली मजल इंटरमिजिएटच्या बी ग्रेडपर्यंत. एलिमेंटरीला स्मरणचित्रात मी बैलाला पाच पाय काढले होते असं घरचे अजून सांगतात. चारच होते, पाचवी शेपटी होती. असो.

या साइटवर मला आणलं भाच्यानं, 2020 च्या लॉकडाउनमध्ये. "मामा, रोज समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी काढण्यापेक्षा हे खेळ," म्हणाला. थिबो ड्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं 2010 मध्ये सुरू केलेली ही साइट. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालते आणि कुणीही आपली टीम काढू शकतो. आमची टीम चाळीसेक मराठी माणसांची. परभणीचे एक औषध दुकानदार आहेत, कराडचे प्राध्यापक आहेत, टोरोंटोत नर्स असलेली एक ताई आहे (आमची रात्र म्हणजे तिची सकाळ, त्यामुळे ती चहा पिता पिता आम्हाला हरवते) आणि नागपूरची एक अकरा वर्षांची मुलगी आहे, जिच्याशी खेळायला सगळेच टाळतात.

खेळाडू म्हणून मला कुणी विचारत नव्हतं. पण टीमला एक चिन्ह हवं होतं. मी घोडा काढून दिला आणि एका रात्रीत माझी पत वाढली. मग दर गुरुवारच्या स्पर्धेचं पोस्टर माझ्याकडे आलं, दिवाळीच्या स्पर्धेची प्रशस्तिपत्रकं आली. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला नागपूरच्याच दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि एकही नॉर्म (त्या किताबासाठी आधीच्या स्पर्धांतून मिळवायची पात्रता) हाताशी नसताना थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ग्रुपवर नागपूरची मुलगी फक्त मोठ्या अक्षरांत बोलत होती. तिला मी शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचं चित्र पाठवलं. दिव्याचा चेहरा काढायचा मोह आवरला. माझे चेहरे कुणाचेही होतात.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मला सोंगट्या काढायची हुक्की आली.

लीचेसवर सोंगट्यांचे कितीतरी संच आहेत आणि गंमत अशी की तुम्ही निवडलेला संच फक्त तुम्हालाच दिसतो. समोरचा त्याच डावात वेगळ्याच सोंगट्या बघत असतो. एका संचात चित्रंच नाहीत, नुसती इंग्रजी अक्षरं. एकात सगळ्या सोंगट्या सारख्याच दिसतात, कोण कोण ते तुम्ही लक्षात ठेवायचं. शिवाय सोंगट्या अदृश्य करून खेळायचीही सोय आहे. प्राध्यापक तसे खेळतात कधीकधी. मला हे जेवणाचं ताट झाकून जेवण्यासारखं वाटतं.

या सगळ्यात उंट कुठेच नव्हता. लहानपणापासून आपण हत्ती म्हणतो आणि हातात असतो किल्ल्याचा बुरूज. उंट म्हणतो आणि हातात असते पाद्र्याची टोपी, तिला वर एक तिरपी चीर. वजीर म्हणतो तो खरं तर राणीचा मुकुट असतो. हल्लीची मुलं राणीच म्हणतात, त्यामुळे ग्रुपवर 'वजीर गेला' आणि 'राणी गेली' असे एकाच सोंगटीला दोन शोकसंदेश येतात. बाहेरही सगळा गोंधळच. आपण ज्याला उंट म्हणतो तो इंग्रजांचा बिशप, फ्रेंचांचा विदूषक, जर्मनांचा धावणारा निरोप्या. आणि रशियन लोक त्यालाच हत्ती म्हणतात, कोपऱ्यातल्या आपल्या हत्तीला ते होडी म्हणतात. माझ्या आजोबांचा डाव तर देशी: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार, राजाला एकदा घोड्यासारखी उडी. त्यांच्या तोंडात उंट होता, पटावर पाद्र्याची टोपीच होती, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र वाटलं. म्हटलं, अंबारीचा हत्ती आणि खरा उंट काढू.

काम म्हणाल तर बारा चित्रं. सहा प्रकार, दोन रंग. आधी टू-बी पेन्सिलीनं कागदावर, मग लॅपटॉपवर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन महिने रोज रात्री बसलो. हत्तीच्या झुलीवर नक्षी केली, अंबारीला कळस केला, उंटाला चारही पाय, गुडघ्यांसकट. प्याद्यांना मावळ्याची पगडी घातली. संच टीमला पाठवला, ब्राउझरमध्ये तो कसा चढवायचा तेही लिहून दिलं, आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

पहिला निरोप परभणीहून आला. "दोन्हीकडं मावळेच हायत. मग लढायलंय कोण कुणाशी?"

याला उत्तर नव्हतं. दुसरी तक्रार अशी की हत्ती, उंट, घोडा सगळेच डावीकडे तोंड करून. पडद्यावरचा घोडा बहुतेक संचांत डावीकडेच बघतो म्हणून मी बाकीच्यांनाही तिकडेच वळवलं होतं. मागची रांग एकदम बघितली की गणपतीची मिरवणूक पटाबाहेर चाललीय असं दिसायचं. बिचारा राजा मध्ये वाट चुकल्यासारखा. पण खरा घोटाळा गुरुवारी झाला. तीन मिनिटांचा डाव, दर चालीला दोन सेकंद जादा. प्राध्यापकांनी माझ्यावरच्या लोभापोटी माझा संच लावला होता. जिंकत आलेल्या डावात त्यांनी उंटाला घोडा समजून हिशेब केला आणि दोन चालींत मात खाल्ली. "लांब मान, चार पाय, शेपूट," त्यांनी लिहिलं, "अर्ध्या सेकंदात मी काय ओळखायचं?" खाली कुणीतरी विचारलं होतं की आता आपल्यात उंटावरचा शहाणा नेमका कोण.

मी मोबाइलच्या पडद्यावर फुटपट्टी धरून बघितली. एक घर आठ मिलिमीटरचं. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत मी उंटाचे गुडघे काढत होतो.

या भानगडीतून खऱ्या सोंगट्यांवाले आधीच गेलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात जागोजाग वेगवेगळ्या घडणीच्या सोंगट्या होत्या, त्यातल्या काही इतक्या सडपातळ आणि एकसारख्या की परक्या पटावर बसलं की आधी ओळखपरेड. 1849 मध्ये लंडनला नथॅनियल कुकच्या नावानं एक घडण नोंदवली गेली. त्या काळचा बडा खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन याचं नाव तिला मिळालं आणि आजही स्पर्धांमधून तीच वापरतात. राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर, प्यादं पाच. त्यात कसलंही नटणं नाही. बाकी सगळं लेथवर फिरवून निघतं, एकटा घोडा तेवढा हातानं कोरावा लागतो. संचाची किंमत घोड्यावरून ठरते असं जाणकार म्हणतात ते उगाच नाही. सगळी हौस त्या माणसांनी एका घोड्यावर भागवली. मी ती चौदा जनावरांवर आणि सोळा मावळ्यांवर भागवायला गेलो. तुम्ही मोजणार, म्हणून आधीच सांगतो: जनावरं बारा. दोन वजिरांना मी वैतागून त्यात धरलंय.

चित्रकारानं बुद्धिबळाच्या नादी लागू नये याचा दाखला म्हणून मार्सेल द्युशाँ आहेच. मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवणारा हा गृहस्थ पुढं चित्रं सोडून पटाला लागला. 1925 साली नीसच्या फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धेचं पोस्टर त्यानं केलं आणि त्या स्पर्धेत तो खेळलाही, नंतर ऑलिंपियाडला फ्रान्सच्या संघातही होता. 1927 मध्ये लग्न केलं तर मधुचंद्राच्या दिवसांतही रात्ररात्र डाव सोडवत बसायचा. शेवटी बायकोनं एका रात्री सोंगट्या पटाला गोंदानं चिकटवून टाकल्या अशी गोष्ट सांगतात. लग्न काही टिकलं नाही. ही गोष्ट मी आमच्या घरी सांगितली. ती सांगायला नको होती, कारण तेव्हापासून गुरुवारी साडेनऊला फेविकॉलची बाटली टेबलावर ठेवलेली असते.

तर उंट. मी त्याचे पाय कापले. नुसती मान आणि डोकं ठेवलं, तरी घोड्यासारखाच. मान बारीक केली, बदक झालं. ओठ लोंबता केला, तर आठ मिलिमीटरात तो ओठ कुणाला दिसणार? शेवटी मी सगळ्या आवृत्त्या ग्रुपवर टाकल्या आणि म्हटलं, सांगा.

बारा तास कुणी काही बोललं नाही. मग नागपूरहून आलं: "काका, त्याला तिरपं चालायचंय ना? मग मान तिरपी काढा."

मी मान खाली डावीकडून वर उजवीकडे, घराच्या कर्णावर टाकली. पंचेचाळीस अंश, एकच जाड रेघ, टोकाला डोकं, बुडाशी अर्धगोल मदार. डोळासुद्धा नाही. घोडा डावीकडे, उंट उजवीकडे. लांबून बघितलं, चष्मा काढून बघितलं, फोन टीपॉयवर ठेवून दारातून बघितलं. उंटच होता. आणि पाद्र्याच्या टोपीतली ती तिरपी चीर उलटी करून ठेवल्यासारखाही दिसत होता, हे मला दोन दिवसांनी कळलं. पगड्या गेल्या, झूल गेली, अंबारीचा कळस तेवढा मी हट्टानं ठेवला.

आता चाळीसातले सात जण माझा संच वापरतात. प्राध्यापक वापरतात. मी एकदा हळूच विचारलं, नवा उंट कसा वाटतो. "कुठला नवा?" त्यांनी विचारलं. पंधरा दिवस ते त्याच उंटानं खेळत होते.

गेल्या गुरुवारी माझी गाठ टोरोंटोच्या ताईशी पडली. तिच्याकडे साइटचा मूळचाच संच. मधेच चॅटमध्ये तिचा निरोप चमकला: "दादा, बिशप अडकला रे तुझा." मी बघितलं. आपल्याच दोन प्याद्यांच्या मागं उंट खरोखरच अडकून पडला होता. मान मात्र काय झोकात काढली होती, कर्णावर अगदी कोपऱ्यापर्यंत. डोक्याशी ती जराशी, अगदी केसभर, बारीक करायला हवी का?

घड्याळात नऊ सेकंद होते.