पेशी कशात मारल्या?

प्रोजेक्टला येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांना दर वर्षी एकच चित्र हवं असतं: पेशीच्या सांगाड्यातल्या हिरव्या मायक्रोट्यूब्यूल (प्रोटीनच्या पोकळ नळ्या), लाल ॲक्टिन (प्रोटीनचे बारीक तंतू), निळं केंद्रक. पोस्टरवर झकास दिसतं, परीक्षक खूश. आल्या आल्या पहिला प्रश्न असतो, "ताई, अँटीबॉडी कितीला डायल्यूट करू?" मी म्हणते, अगं, अँटीबॉडीचं नंतर बघू. आधी पेशी कशात मारणार ते सांग.

अँटीबॉडी म्हणजे ठरावीक प्रोटीनलाच चिकटणारं प्रोटीन, त्याला रंग जोडून आपण पेशीतलं ते प्रोटीन बघतो. पण ती जिवंत पेशीच्या आत शिरत नाही. त्यामुळे पेशी आधी मारायची, आहे त्या जागी थिजवायची, पडद्याला भोकं पाडायची आणि मगच अँटीबॉडी आत सोडायची. म्हणजे आपण जे बघतो ते पेशीत जे होतं ते नव्हे, मारताना त्यातलं जे टिकलं ते. हे मुलांच्या गळी उतरवायला मला अँटीबॉडी शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता थंडीचंच घ्या. प्रोटीनवाल्यांच्या हाताखाली शिकून आलेली मुलं सगळं बर्फावर ठेवतात, तशी सवयच लागलेली असते. पण सस्तन प्राण्यांच्या मायक्रोट्यूब्यूल थंडीत विरघळतात. कव्हरस्लिप, म्हणजे पेशी जिच्यावर वाढवतो ती पातळ काच, बर्फगार बफरमध्ये (धुवायच्या खारट द्रावणात) धुतली आणि तशीच ठेवून चहाला गेलात, की परत येईपर्यंत बऱ्याचशा नळ्या सुट्या होऊन ट्यूब्यूलिन, म्हणजे नळ्या ज्याच्या बनतात ते प्रोटीन, पेशीभर पसरलेलं असतं. मग मायक्रोस्कोपखाली नुसतं हिरवं धुकं दिसतं आणि बोल लागतो अँटीबॉडीला. गंमत म्हणजे उणे 20 अंशांचं मिथेनॉल मात्र चालतं. ते पाणी इतक्या झटक्यात काढून घेतं की नळ्यांना सुटायला फुरसतच मिळत नाही. अट एकच, कव्हरस्लिप 37 अंशांच्या इन्क्युबेटरमधून निघून थेट मिथेनॉलमध्ये गेली पाहिजे. चिमट्याने कड धरायची, टिश्यू पेपरला टेकवून मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण) निथळायचं, बुडवायची. आणि पेशी कोणत्या बाजूला आहेत ते विसरायचं नाही.

मग सगळंच मिथेनॉलमध्ये का मारू नये? कारण तिथे ॲक्टिनचं गणित बिघडतं. ॲक्टिन बघायला हल्ली आम्ही बहुतेक वेळा अँटीबॉडी वापरतच नाही, फॅलॉयडिन वापरतो. हे एका जहाल विषारी अळंबीतलं विष, त्याला चमकणारा रंग जोडलेला. ॲक्टिनचा तंतू मूळ घडीत शाबूत असेल तरच ते चिकटतं, आणि मिथेनॉल नेमकी ती घडी मोडतं. त्यामुळे फॅलॉयडिनसाठी पॅराफॉर्माल्डिहाइड, तेही कोमट, आणि नंतर ट्रायटन या साबणासारख्या रसायनाने भोकं. पण पॅराफॉर्माल्डिहाइड प्रोटीनं एकमेकांना सांधतं, आणि त्या सांध्यांत काही अँटीबॉडींची चिकटायची जागाच झाकली जाते.

अँटीबॉडीचा स्वभाव वेगळा. 1974 साली कोल्ड स्प्रिंग हार्बरला लाझारिडीस आणि वेबर यांनी ॲक्टिनची अँटीबॉडी बनवली, ती उंदराच्या फायब्रोब्लास्टमधलं ॲक्टिन एसडीएस जेलमधून (प्रोटीनं वेगळी करायच्या जेलमधून) काढून सशांना टोचून. एसडीएस हा एक डिटर्जंट, त्यात प्रोटीनची घडी पार उलगडलेली. एरवी ॲक्टिन प्राण्याप्राण्यांत जवळजवळ सारखंच असतं, त्यामुळे सशाचं शरीर त्याला परकं मानायला कुरकुरतं. त्या अँटीबॉडीने स्नायू नसलेल्या पेशींतही ॲक्टिनचे लांब सरळ तंतू दाखवले. आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात असतं ते चित्र, पण तेव्हा ती बातमी होती.

दुसऱ्या दिवशीचं काम त्या मानाने निवांत. पेट्री डिशमध्ये ओला टिश्यू पेपर, त्यावर पॅराफिल्म (मेणासारखी पट्टी), पॅराफिल्मवर अँटीबॉडीचा थेंब आणि त्यावर कव्हरस्लिप पालथी. एवढ्या महाग वस्तूने प्लेटची अख्खी वेल (खळगा) भरायची गरज नसते. आधी पेशीतल्या प्रोटीनला चिकटणारी, उंदरात बनवलेली प्रायमरी अँटीबॉडी, मग तिच्यावर उंदराच्या अँटीबॉडीला ओळखणारी रंगीत सेकंडरी. एक कव्हरस्लिप नुसत्या सेकंडरीची हवीच, म्हणजे सेकंडरी भलतीकडे चिकटते का ते कळतं; ती नसेल तर मी फोटो बघत नाही. शेवटी कडांना नेलपॉलिश, बिनरंगाचं.

फोटोत नळी जाड दिसते त्यावरही विश्वास ठेवू नका. मायक्रोट्यूब्यूल 25 नॅनोमीटरची. तिच्यावर दोन थर अँटीबॉडींचे चढले की जाडी दुपटीच्या वर जाते. त्यात साध्या फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपला 200 नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसतच नाही.

अँटीबॉडी खरी की खोटी हे बघायची माझी आवडती पद्धत म्हणजे ती जे दाखवते तेच मोडून बघायचं. नळ्या मोडणारं नोकोडॅझोल हे औषध घातलं की नळ्या जायला हव्यात, आणि धुऊन टाकलं की काही मिनिटांत सेंट्रोसोमपासून (नळ्या जिथून उगवतात त्या केंद्रकाजवळच्या ठिकाणापासून) पुन्हा फुटायला हव्यात. कोल्चिसिननेही नळ्या मोडतात. ते आपल्या कळलावीत असतं, तीच पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलते ती. ट्यूब्यूलिन हाती लागलं तेच मुळी कोल्चिसिन कशाला चिकटतं हे शोधताना, साठच्या दशकात. नोकोडॅझोलच्या कव्हरस्लिपवर व्हिमेंटिनची, म्हणजे सांगाड्यातल्या आणखी एका तंतूच्या प्रोटीनची, अँटीबॉडी लावून बघा. नळ्यांचा आधार सुटला की पेशीभर पसरलेलं व्हिमेंटिन केंद्रकाभोवती गोळा होतं. मला तीन रंगांच्या पोस्टरपेक्षा हे चित्र शंभरदा जास्त आवडतं, पण ते कोणी छापून भिंतीला लावत नाही.

यंदाच्या मुलीने हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशींवर) दोन्ही पद्धतींनी कव्हरस्लिपा केल्या. मिथेनॉलमध्ये नळ्या सुरेख, फॅलॉयडिन साफ काळं. पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ॲक्टिन सुरेख, नळ्या जराशा नागमोडी. "मग ताई, पोस्टरवर कोणती लावू?" मी म्हटलं, दोन्ही लाव, आणि प्रत्येकीखाली पेशी कशात मारल्या ते मोठ्या अक्षरात लिही. तिला ते पटलेलं दिसलं नाही. आता ती कोमट पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये चिमूटभर ग्लुटाराल्डिहाइड, म्हणजे प्रोटीनं आणखी घट्ट सांधणारं रसायन, घालून बघणार आहे. नळ्या सरळ राहतील, पण पेशी स्वतःच चमकायला लागेल. ती चमक मारायला बोरोहायड्राइड ही पावडर लागेल, आणि आमची बाटली कधीची ओलावा धरून बसली आहे.