नामिबियाचा प्रवास : खडीचे रस्ते, वन्यप्राणी आणि त्यांचे शेजारी

सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात आले, तेव्हा आमच्या चंद्रपुरात त्या देशाचे नाव घरोघरी पोहोचले. ताडोब्याच्या आसपास राहणाऱ्यांना वन्यप्राणी हा केवळ सहलीचा विषय राहत नाही. कोणाच्या तरी गोठ्यातली गाय गेलेली असते, कोणी तेंदूपत्ता तोडायला जाऊन परत आलेले नसते. त्यामुळे ज्या देशाने आपले चित्ते दुसऱ्याला दिले, तेथील गावकरी या जनावरांशी कसे जुळवून घेतात, हे पाहावे असे माझ्या आणि माझ्या एका मैत्रिणीच्या मनात आले. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बहुतेक सहली केनियाला किंवा दक्षिण आफ्रिकेला जातात. आम्हाला हवा तसा नामिबियाचा कार्यक्रम कोणाकडेच मिळेना, म्हणून तो आम्ही स्वतःच आखला आणि गाडीही स्वतःच चालवली.

नामिबियाचे क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त, आणि लोकसंख्या 2023 च्या जनगणनेनुसार अवघी तीस लाख. अशा विरळ वस्तीच्या मुलखात आडबाजूला जाणारी एसटीसारखी सोय असण्याची अपेक्षाच करता येत नाही. गाडी हवी, म्हणून पहिले काम आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढण्याचे. तो एक वर्ष चालतो. व्हिसा आम्ही प्रवासाला निघण्यापूर्वीच हाती घेतला. आमचे विमान अदीस अबाबामार्गे जाणारे होते आणि इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. विमानतळावर थांबण्याचा काळ वाढला तर पंचाईत नको, म्हणून सरकारमान्य केंद्रात जाऊन पीतज्वराची लस घेतली. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात. उत्तर नामिबियात हिवतापाचा धोका असल्याने डॉक्टरांना विचारून त्याच्याही गोळ्या सोबत घेतल्या. मात्र या सर्वांआधी एटोशा राष्ट्रीय उद्यानातील मुक्कामाचे आरक्षण केले होते. जून ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत उद्यानाच्या आतील निवास फार लवकर भरतात, आणि ती तारीख ठरल्याशिवाय पुढचे काहीच ठरवता येत नाही.

विंडहुक या राजधानीत गाडी ताब्यात घेताना आमची अर्धी सकाळ गेली, आणि ती जाऊ द्यावी असेच मी सांगेन. छतावर तंबू असलेली ती फोर-बाय-फोर गाडी होती आणि मागे दोन स्टेपन्या होत्या. करारात लिहिले होते की खडीच्या रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरच्या वर जायचे नाही, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, आणि वेगाची नोंद गाडीतील यंत्रात होत राहील. वेगमर्यादा ओलांडून अपघात झाला तर विमा रद्द. काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग साध्या विम्यात येत नव्हता, त्याचे वेगळे पैसे भरावे लागले. तेथील कर्मचाऱ्याने आम्हा दोघींकडून जॅक लावून चाक काढून घेतले आणि पुन्हा बसवून घेतले. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये हवा किती, खडीवर किती कमी करायची आणि वाळूत किती, हे त्याने काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहून दिले. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, हा मोठा दिलासा होता.

खडीचा रस्ता म्हणजे आपल्याकडचा अर्धवट सोडलेला रस्ता असे समजू नये. तो रुंद आणि नीट राखलेला असतो, पण त्यावर आडव्या बारीक लाटा उठलेल्या असतात आणि वळणावर चाके एकदम सरकतात. समोरून येणारी गाडी दोन किलोमीटरवरून धुळीच्या लोटाने कळते. वायव्येकडील सेसफोन्टेन गावाच्या अलीकडे आमचे मागचे चाक बसले, तेव्हा विंडहुकची ती सकाळ कामी आली. पाठोपाठ आलेल्या पहिल्याच गाडीतील माणसे न विचारता उतरली आणि काम पुरे होईपर्यंत थांबली. या भागात थांबलेल्या गाडीला ओलांडून कोणी पुढे जात नाही. खाण्याच्या बाबतीत मांसाहाराचा देश असल्याने माझी मैत्रीण चिंतेत होती, परंतु ओच्चिवारोंगो आणि आउट्यो येथील दुकानांत भाज्या, दूध, ब्रेड सर्व मिळाले, आणि गाडीबरोबरच्या गॅसवर पोहे व पिठले-भात उत्तम झाला.

ओच्चिवारोंगोजवळ 1990 पासून चित्ता संवर्धनाचे काम करणारी संस्था आहे. नामिबियातील बहुतेक चित्ते उद्यानांबाहेर, गुरे-मेंढ्यांच्या कुरणांवर राहतात. म्हणून चित्त्यापेक्षा कळप राखण्याकडे तेथे अधिक लक्ष दिसले. तुर्कस्तानातील मोठ्या जातीचे राखणदार कुत्रे वाढवून ते 1994 पासून शेतकऱ्यांना दिले जातात. पिलू लहानपणापासून शेळ्या-मेंढ्यांतच वाढते, त्यांनाच आपले मानते आणि चित्ता दिसला की भुंकून अंगावर जाते. चित्ता मुळात भांडण टाळणारा, तो निघून जातो. शेतकऱ्याला बंदूक उचलावी लागत नाही.

तेथून एटोशा. 1907 साली, जर्मन अमदानीत, संरक्षित घोषित झालेले हे क्षेत्र आज सुमारे 22,000 चौरस किलोमीटर उरले आहे आणि त्याच्या मध्यभागी जवळपास 4,800 चौरस किलोमीटरचे पांढरे, कोरडे खारे पात्र पसरले आहे. हिवाळ्यात इतरत्र पाणी आटते आणि पात्राच्या दक्षिण काठावरील झऱ्यांवर सगळी जनावरे येतात. येथे ताडोब्यासारखी जिप्सी आणि गाइड घेण्याची सक्ती नाही. आपली गाडी, आपला नकाशा, ताशी 60 किलोमीटरची मर्यादा, ठरावीक जागांखेरीज कोठेही खाली उतरायचे नाही आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामी परतायचे. एका वाघासाठी वीस जिप्सी धावताना पाहिलेल्या माझ्यासारखीला पाणवठ्यावर इंजिन बंद करून तासभर बसणे हीच मोठी चैन वाटली. प्रथम झेब्रे येतात, पाण्याच्या काठी येऊनही चटकन पीत नाहीत, मागे वळतात, पुन्हा येतात. मग स्प्रिंगबॉक हरणे. हत्ती आले की बाकीचे आपोआप दूर होतात. तेथील पांढऱ्या मातीत लोळून हे हत्ती राखाडी न दिसता खडूसारखे दिसतात.

ओकाकुएजो येथे मुक्कामाच्या कुंपणालगतच्या पाणवठ्यावर रात्रभर मंद दिवे असतात आणि लोक दगडी भिंतीमागे बाकांवर बसतात. रात्री उशिरा एक काळा गेंडा आपल्या पिलासह आला. पाण्यावर हत्तींचा कळप होता. मादी पंचवीस-तीस पावलांवर थांबली, पिलू तिच्या पोटाशी. हत्ती हटेनात, तेव्हा तिने जोराने फुत्कार टाकून चार पावले धाव घेतली आणि थांबली. एका तरुण हत्तीने कान पसरले. बराच वेळ दोन्ही बाजू तशाच उभ्या राहिल्या, शेवटी कळप एका कडेला सरकला आणि पिलाला पाणी मिळाले. बाकांवरचे पन्नास-साठ लोक हा सारा वेळ चिडीचूप बसले होते, जे आपल्या पर्यटकांकडून होणे अवघड आहे.

या निर्मनुष्य दिसणाऱ्या उद्यानात पूर्वी माणसे राहत होती, हे मात्र तेथे ठळकपणे कोणी सांगत नाही. हाय-ओम या सान आदिवासी समाजाची कुटुंबे या झऱ्यांभोवती पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगत. 1954 मध्ये त्यांना बाहेर काढण्यात आले. काहींना उद्यानातच मजुरीचे काम मिळाले, बाकीच्यांनी शेतमळ्यांचा रस्ता धरला. पुनर्वसनाच्या रांगेतली आमच्याकडील गावे मला माहीत असल्याने, पाणवठ्यांची हाय-ओम नावे नकाशावर वाचताना तो नकाशा निराळा दिसू लागला.

पश्चिमेच्या गॅल्टन दरवाजाने बाहेर पडून आम्ही उत्तरेला ओपुवो गावी गेलो. हिंबा या गुरे राखणाऱ्या समाजाच्या वस्तीला भेट द्यायची तर तेथील स्थानिक वाटाड्या घ्यावा, परस्पर जाऊ नये. आमच्या वाटाड्याने आधी दुकानातून मक्याचे पीठ, साखर आणि तेल घ्यायला लावले. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटायची नाहीत, असे त्याने बजावले. वस्तीबाहेर गाडी थांबवून तो एकटा आत गेला, परवानगी घेऊन आला आणि मगच आम्हाला नेले. प्रमुखाची झोपडी आणि गुरांचा वाडा यांच्यामध्ये पूर्वजांचा पवित्र अग्नी असतो. त्या दोहोंमधून परक्याने चालायचे नाही, वळसा घालून जायचे. छायाचित्रासाठी प्रत्येकीला वेगळे विचारायचे. एका बाईने आम्हाला तांबडी गेरू दगडावर वाटून लोण्यात कालवताना दाखवली. अंगाला आणि केसांच्या वेण्यांना लावायचा हा लेप उन्हापासून आणि किड्यांपासूनही जपतो. तिचे हात काम करत होते आणि प्रश्न ती विचारत होती. पहिला प्रश्न होता, घरी गुरे किती? माझ्या मामांकडे चार गाई आणि एक म्हैस होती असे सांगितल्यावर तिला आमची दया आलेली दिसली. गाई कशाने मरतात, हा दुसरा प्रश्न. मी वाघाबद्दल सांगितले. तिसरा प्रश्न तत्काळ आला, "मग पैसे कोण देते?"

वनखात्याचे लोक येतात, पंचनामा करतात आणि मग सरकार पैसे देते, हे वाटाड्याने तिला समजावले. तिने मान हलवली, पण तिचे समाधान झाले नव्हते. "वाघ कोणाचा?" असे तिने विचारले. सरकारचा, असे मी म्हणाले. पुढचा सारा प्रवास त्या प्रश्नाच्या उत्तराचाच झाला.

नामिबियातही पूर्वी रानटी जनावरे सरकारची होती. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून खासगी शेतमळ्यांच्या गोऱ्या मालकांना आपल्या जमिनीवरील जनावरांचा उपयोग करण्याचे हक्क मिळाले आणि तेथे जनावरे वाढली. सामायिक जमिनीवर राहणाऱ्या कृष्णवर्णीयांना मात्र ते हक्क नव्हते. 1980 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात आणि अवैध शिकारीत वायव्येकडील हत्ती-गेंडे संपत आले, तेव्हा वन्यजीव संवर्धक गार्थ ओवेन-स्मिथ आणि तेथील मुखियांनी गावातूनच राखणदार नेमायला सुरुवात केली. पुढे मार्गारेट जेकबसन यांच्यासह त्यांना याच कामासाठी 1993 चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. देश 1990 मध्ये स्वतंत्र झाला आणि 1996 च्या कायद्याने हेच हक्क गावकऱ्यांना दिले. हद्द ठरवा, सभासदांची यादी करा, समिती निवडा, घटना लिहा, उत्पन्न कसे वाटणार ते सांगा, मग तुमची कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेले वन्यजीव क्षेत्र, नोंदली जाते. पहिल्या चार 1998 मध्ये नोंदल्या गेल्या, आज 86 आहेत आणि देशाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्या हद्दीत येतो.

त्या पहिल्या चारांपैकी तोरा ही एक. तिकडे जाताना पामवाग येथे गुरांच्या रोगप्रतिबंधाचा दरवाजा लागतो. लाळ्या-खुरकूत दक्षिणेत पसरू नये म्हणून देशाच्या आडवे घातलेले हे कुंपण आहे, आणि उत्तरेकडून येणाऱ्याला कच्चे मांस पलीकडे नेता येत नाही. आमच्या शीतपेटीत ढोबळी मिरची आणि दही पाहून शिपायाने झाकण लावले. मागच्या गाडीतील जर्मन कुटुंबाला मात्र दोन दिवसांचे मांस तेथेच ठेवावे लागले.

तोराच्या हद्दीत एका गेम गार्डबरोबर, म्हणजे वन्यप्राण्यांच्या राखणदाराबरोबर, आम्ही अर्धा दिवस फिरलो. त्याच्या खिशात पिवळी पुस्तिका होती. कोणत्या जनावराने कोठे नुकसान केले, पाऊस किती पडला, मेलेले जनावर सापडले का, हे सगळे तो त्यात टिपतो. महिनाअखेरीस ते निळ्या तक्त्यावर चढते आणि वर्षांचा हिशेब लाल तक्त्यावर. नोंदी गावाच्या कार्यालयात राहतात, संशोधक लागले तर प्रत घेऊन जातात. त्याने आम्हाला एका शेळीपालक बाईंचे घर दाखवले. पाण्याच्या टाकीभोवती छातीएवढ्या उंचीची दगडांची जाड भिंत होती आणि भिंतीबाहेर हत्तींसाठी वेगळे पाण्याचे टाके. पूर्वी हत्ती नळ उपसून टाकत. आता बाहेर पाणी मिळते म्हणून आत येत नाहीत. त्या टाक्याला पाणी चढवण्याचा खर्च कोण करतो, असे मी विचारले. अर्थात मला ओपुवोची ती बाई आठवत होती. काही पैसे समिती पर्यटनाच्या उत्पन्नातून देते, पण पुरत नाहीत, असे त्या बाईंनी स्पष्ट सांगितले. शेळी गेली तर थोडी रक्कम मिळते, तीही रात्री शेळ्या वाड्यात होत्या असे दिसले तरच.

कॉन्झर्व्हन्सींच्या उत्पन्नात परदेशी शिकाऱ्यांकडून येणारा पैसाही असतो, आणि हे मला पचायला जड गेले. 2024 च्या दुष्काळात सरकारने 83 हत्तींसह 723 जनावरे मांसासाठी मारण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपल्याकडे बरीच हळहळ व्यक्त झाली. शिकारीबद्दलची माझी नापसंती आजही कायम आहे. मात्र ती बाईंच्या टाकीपाशी उभे राहून मोठ्याने बोलून दाखवावी, असे मला वाटले नाही.

ट्वायफेलफोन्टेनची शिल्पे वाटेवरच आहेत, ती चुकवू नयेत. 2007 मध्ये जागतिक वारसा ठरलेले हे नामिबियातील पहिले स्थळ. स्थानिक मार्गदर्शकाशिवाय आत सोडत नाहीत. तांबड्या खडकावर कोरलेल्या सिंहाच्या पंजाला चारऐवजी पाच बोटे आहेत, हे मार्गदर्शक बाईंनी दाखवले नसते तर आमच्या लक्षात आले नसते.

पुन्हा जायचे झाले तर एटोशातील मुक्काम कमी करून तोरासारख्या हद्दीतला वाढवीन. मार्गदर्शक, तंबूची जागा आणि प्रवेश यांचे पैसे तेथे गावाच्या समितीकडे जातात. फक्त लहान किमतीच्या रोख नोटा विंडहुक किंवा ओपुवोतच काढून ठेवाव्यात, दक्षिण आफ्रिकेचे रँडही चालतात. पुढे कार्ड घेणारे यंत्र बऱ्याच ठिकाणी नाही.