तपकिरी अळीवर फवारा मारू नका

तगरीचं कुंपण रातोरात बोडकं होत नाही. तसं वाटतं खरं, कारण अळी जेवढा पाला खाते त्यातला बहुतेक शेवटच्या काही दिवसांत फस्त करते. त्याआधी आठवडा-दीड आठवडा ती तिथंच असते, पण बारीक असते म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही. नजरेत भरते तेव्हा लोक फवारणीसाठी फोन करतात.

कोथरूडच्या एका सोसायटीतून चेअरमनकाकांचा फोन आला तो असाच, श्रावणातल्या उघडिपीच्या सकाळी. "मॅडम, गेटपासून पार्किंगपर्यंतची तगर साफ झालीय. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंय, तुम्हीही या." मी पोहोचले तेव्हा तो मुलगा पाठीला पंप लावून उभाच होता. फरशीवर शाळेच्या बसची वाट पाहणारी पोरं, त्यांच्या पायांमधून बोटाएवढ्या जाड अळ्या सरपटत चाललेल्या, आणि एक आजी नातवाला उचलून घेऊन ओरडत होत्या, "अहो, आधी औषध मारा, मग बोला!"

मी खाली बसून एक अळी काडीवर घेतली. कण्हेरीवर आणि तगरीवर येणाऱ्या हॉक मॉथ या पतंगाची ती अळी. अंगावर केस नाहीत, शेपटाशी आखूड शिंग, आणि डोक्यामागं पांढऱ्या ठिपक्यांचे दोन निळे डोळे. ते खरे डोळे नव्हेत; धक्का लागला की ती पुढचा भाग वाकवते आणि ते डोळे वटारल्यासारखे दिसतात. पोरांना एवढंच सांगितलं की ही चावत नाही, अंगाला खाज आणत नाही. पण ही तगरीचा चीक खाऊन वाढलेली आहे, तेव्हा हात लावला तर धुवायचा. आजींनी नातवाला खाली ठेवलं.

माझं लक्ष मात्र रंगाकडं होतं. खाणारी अळी हिरवीगार असते. फरशीवरच्या सगळ्या पाठीवर गडद तपकिरी झालेल्या होत्या. असा रंग पालटला की खाणं संपलं. आता ती झाडावरून उतरून पालापाचोळ्यात कोष करायला जागा शोधते. तिला मारून कुंपणाचं एक पानही वाचणार नव्हतं. शिवाय पलीकडं कामिनी फुलली होती आणि तिच्यावर मधमाश्या होत्या. त्या पंपातलं औषध अंगाला लागलं की मारणारं. तगरीतली अळी कुठली आणि कामिनीवरची माशी कुठली, हे त्याला कळत नाही.

काकांना पटेना. त्यांची अडचणही मला समजत होती. दुपारी मीटिंग होती आणि काहीतरी केलं हे दाखवायचं होतं. मी म्हटलं, "काका, फवारणी करायचीच आहे, पण इथं नाही आणि आत्ता नाही. चला मागं."

मागच्या भिंतीलगतची तगर चांगली हिरवी दिसत होती, म्हणून तिकडं कुणी फिरकलंच नव्हतं. मी फरशी बघितली. अळी शोधायची तर पानांत नाही, खाली लेंड्यांत शोधायची. पुढं गेटपाशी मिऱ्याएवढ्या, खाचा असलेल्या सुक्या लेंड्यांचा सडा होता. इथं मोहरीहूनही बारीक, ओल्या, हिरव्या. वरची कोवळी फांदी उलटी केली तर पानाच्या शिरेलगत चार-पाच मिलिमीटरची पिवळट अळी, अंगाच्या मानानं लांबलचक काळं शिंग. शेजारच्या पानावर एकच फिकं हिरवं, चकचकीत अंडं. काकांच्या हातात भिंग दिलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग स्वतःच पुढची पानं उलटायला लागले.

माळीमामांना विचारलं, "मामा, कटिंग कधी केली?" पुढची बाजू पावसाच्या सुरुवातीला, मागची त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. सगळं तिथंच उलगडलं. छाटणी झाली की पावसात तगर जोरात फुटते आणि मादी त्याच कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते. म्हणून माझ्या मते फवारणीची तारीख कॅलेंडरवरून ठरत नाही, कात्रीवरून ठरते. कटिंगनंतर नवी पालवी हातभर झाली की रोज पानं उलटून बघायची.

पेस्ट कंट्रोलच्या मुलाला परत पाठवलं. मागच्या बाजूला बीटी पावडर वापरायची ठरली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू. हा जिवाणू अळीच्या पोटात गेला तरच काम करतो. आतड्यातल्या अल्कलीत त्याचं प्रथिन विरघळतं, आतडं फाटतं, काही तासांत खाणं थांबतं. म्हणजे बारीक, भुकेल्या अळीवरच तो लागू. खाणं सोडलेल्या तपकिरी अळीवर शून्य. उन्हात तो टिकत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळी. सर आली तर धुऊन जातो, म्हणून आभाळ बघून. आणि पानाची मागची बाजू भिजलीच पाहिजे. शेजारी कढीपत्ता होता, त्यावर फुलपाखराच्या अळ्या होत्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या. बीटी त्यांनाही मारतो. मामांनी कढीपत्त्यावर गोणपाट टाकलं, मगच पंप उचलला.

पुढच्या बाजूला नुसतं दाताळं फिरवलं. पाचोळ्यातून कोष निघाले, ते गोळा केले. एका मोठ्या हिरव्या अळीच्या पाठीवर बारीक पांढरे कोष चिकटलेले होते. ते गांधीलमाशीच्या जातीतल्या एका चिमुकल्या परजीवी माशीचे. तिच्या पिल्लांनी ती अळी आतून खाल्लेली असते. ती फांदी मी तशीच ठेवायला सांगितली. पुढच्या पिढीवर तीच माशी कामाला येते.

दोन दिवसांनी मागच्या तगरीवरच्या बारीक अळ्या काळ्या पडून लुळ्या लटकत होत्या. पुढच्या बोडक्या फांद्यांना डोळे फुटायला लागले होते, आणि काकांना त्याचा आनंद झाला. मला तिथंच पुढचं काम दिसत होतं: कोवळी पालवी म्हणजे पुन्हा अंडी. भिंग मी मामांपाशीच ठेवलं आणि सांगितलं, अळी हिरवी दिसली म्हणून नव्हे, पिवळी दिसली की फोन करा. महिना संपायच्या आत त्यांचा फोन आला: "ताई, गेटपाशी पिवळ्या दिसल्या. आज आभाळ मोकळं आहे, संध्याकाळी येता का?"