आमची वाटचाल : सर्वांत जुनं रेकॉर्डिंग किती तारखेचं?

२००७ साली सांगलीत विश्रामबागजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. तो चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. आता दुकानातली पोरंही दादाच म्हणतात. कार्ट्रिज भरून देणं, विंडोज टाकून देणं, अशी कामं असायची. सीसीटीव्हीकडे वळलो ते एका सराफांमुळे. त्यांच्या पेढीतला चार चॅनेलचा, म्हणजे चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा, डीव्हीआर बंद पडला होता आणि बसवून देणारा गाव सोडून गेला होता. "संगणकाची हार्डडिस्क बदलता ना? मग ह्यातली पण बदला की," म्हणाले.

आत रुंद पट्टीची आयडीई डिस्क होती, ८० जीबीची. आम्ही १६० ची घातली, तर डीव्हीआर १३७ दाखवायला लागला. डिस्क खराब निघाली असं वाटून दुकानातल्या संगणकाला लावली, तिथं ती पुरी दिसली. दोन रात्री शोधाशोध केल्यावर कारण कळलं. डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरला, म्हणजे साठवणीच्या छोट्या कप्प्याला, क्रमांक असतो आणि त्या जुन्या पद्धतीत तो २८ बिटांत (० किंवा १ अशा २८ घरांत) लिहिला जायचा. २८ बिटांत सुमारे २६ कोटी ८४ लाख सेक्टर मोजता येतात. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे झाले १३७ जीबी. पुढची जागा असते, पण तिचा पत्ताच यंत्राला लिहिता येत नाही. सराफांना तसं सांगितलं, ते "चालतंय की" म्हणाले, आणि आम्हीही विषय तिथंच सोडला. जुन्या यंत्राची खोड, एवढंच समजलो. तेव्हाच नीट धरून ठेवायला हवं होतं.

२६/११ नंतर आमच्यासारख्या गावातसुद्धा कॅमेऱ्यांची मागणी वाढली. पतपेढ्या, पेट्रोल पंप, मार्केट यार्डातली हळदीची गोदामं अशी कामं येत गेली. संगणक दुरुस्ती मागं पडली. पुण्याला मालासाठी तपकीर गल्लीत महिन्यातून दोन फेऱ्या व्हायच्या, एसटीच्या टपावर केबलची बंडलं टाकून यायचो.

मग ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला. तिथले हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि बघता बघता इथं डिस्कचे भाव दुपटीच्या घरात गेले. पुढचे काही महिने माल मिळेल तो घ्यायचा, अशी गत होती. २०१२ च्या बेदाणा हंगामात तासगाव भागातल्या एका कोल्ड स्टोरेजचं काम आमच्याकडे होतं. आठ कॅमेरे, एक महिन्याचं रेकॉर्डिंग. २ टीबीची डिस्क कुठंच मिळेना. व्यापारी म्हणाला, ३ टीबीची एक आहे, न्यायची तर न्या. आम्ही खुशीत आणली. हिशेब सोपा होता. एका कॅमेऱ्याचा वेग १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) धरला, तर दिवसाला १०.८ जीबी लागतात. आठ कॅमेऱ्यांचे ८६ च्या आसपास. ३ टीबी म्हणजे चौतीस दिवस. मालकांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, छाती ठोकून सांगितलं की महिना कुठं गेला नाही.

डिस्क बसवली, फॉरमॅट केली. मेनूत डिस्कच्या ओळीत 'नॉर्मल' आलं. ते बघून मी झाकणाचे स्क्रू आवळले. शेजारच्या रकान्यातला आकडा मी वाचला नाही.

दोन महिन्यांनी अण्णांचा फोन आला. एका व्यापाऱ्याचा माल गाडीत भरताना बेदाण्याचे बारा बॉक्स कमी गेले होते, पंधरा किलोचा एकेक. व्यापारी म्हणत होता, भरलेच नाहीत. हमाल म्हणत होते, आम्ही मोजून भरले. संशय गाडीच्या ड्रायव्हरवर आला होता. गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची. मी गेलो, तारीख टाकली, काहीच नाही. मागं मागं येत गेलो, तर सगळ्यांत जुनं रेकॉर्डिंग नऊ दिवसांपूर्वीचं. अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. "तीन टीबीचे पैसे घेतलेत ना आमच्याकडनं? मग महिना गेला कुठं?"

तेव्हा मी पहिल्यांदा तो रकाना वाचला. ७४६ जीबी.

दादानं त्या रात्री डिलिव्हरी चलनाच्या पाठीमागं पेन्सिलीनं हिशेब मांडला. तो कागद आम्ही लॅमिनेट करून अजून दुकानात लावलेला आहे. हा डीव्हीआर सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिणारा. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी सेक्टर, म्हणजे २१९९ जीबी. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसंच इथं झालं होतं. ३००० मधून २१९९ गेले, उरले ८०१, तेवढीच डिस्क त्याला दिसली. डीव्हीआर १०२४ च्या पटीत मोजतो, म्हणून पडद्यावर ७४६. आणि ८०१ ला ८६ नं भागलं की सव्वानऊ दिवस. २ टीबीची जुनी डिस्क मिळाली असती तर तेवीस दिवस मिळाले असते आणि ते फुटेज सापडलं असतं. मोठी डिस्क घालून आम्ही रेकॉर्डिंग कमी केलं होतं.

त्या डीव्हीआरला दोन साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, होते. आम्ही आमच्या खर्चानं दोन्हींत २-२ टीबीच्या डिस्का घातल्या. अण्णांनी आम्हाला काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण त्या ड्रायव्हरच्या भाड्यातून बारा बॉक्सचे पैसे कापले गेले. तो खरा होता की खोटा, हे आजही कुणाला ठाऊक नाही. खरा असेल तर त्याच्या बाजूचा एकमेव साक्षीदार आमच्या हातून गेला. धंद्यात नुकसान बरंच सोसलं, पण ही एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

त्यानंतर आमची कामाची पद्धत बदलली. कुठलीही डिस्क वाढवायची म्हटली की आधी डीव्हीआरच्या बुडावरचा मॉडेल नंबर, मग फर्मवेअरची (यंत्रातल्या मूळ प्रोग्रॅमची) आवृत्ती, आणि मग कंपनीच्या माहितीपत्रकातली 'प्रत्येक पोर्टला कमाल क्षमता' ही ओळ. ती ओळ एकूण क्षमतेची नसून प्रत्येक पोर्टची असते, यात पुष्कळ जण फसतात. काही मॉडेलांत नव्या फर्मवेअरनं मर्यादा वाढते. मात्र ते चालू धंद्याच्या वेळी टाकायचं नाही, मध्येच लाइट गेली तर यंत्रच जातं. डिस्क बसवल्यावर मेनूतला आकडा बघायचा. २ टीबीला १८६३, ४ टीबीला ३७२६ च्या आसपास दिसलं तर ठीक, ते फक्त मोजण्याच्या पद्धतीतलं अंतर आहे. आकडा बरोबर दिसला तरी मी पूर्ण निर्धास्त होत नाही. काही यंत्रं पूर्ण क्षमता दाखवतात आणि सीमा ओलांडली की डिस्कच्या सुरुवातीच्या भागावरच लिहायला लागतात. म्हणून डिस्क एकदा पूर्ण भरेपर्यंत आम्ही बिलावर 'काम पूर्ण' लिहीत नाही. आणि काढलेली जुनी डिस्क तारखेची पट्टी चिकटवून महिनाभर ग्राहकाकडेच ठेवायला लावतो, कारण नवीन डिस्कमध्ये मागचं काहीच नसतं.

क्षमतेचं गणित जमलं तरी विजेचं राहतं. एका मेडिकल दुकानात चार चॅनेलच्या डीव्हीआरमध्ये ४ टीबी घातली, मॉडेलला ती चालणारी होती. तरी यंत्र दर दोन मिनिटांनी टक् करून बंद व्हायचं आणि पुन्हा चालू. आमच्या पोरानं तीनदा फॉरमॅट मारला. दादानं जाऊन नुसता कान लावला: डिस्क फिरायला लागायची, सूर चढायचा आणि मध्येच पडायचा. अ‍ॅडाप्टर १२ व्होल्ट, दीड अँपिअरचा. मोठी डिस्क सुरू होताना एकटीच तेवढं ओढते. दोनशे मीटर चालत दुकानात येऊन त्यानं चार अँपिअरचा अ‍ॅडाप्टर नेला आणि प्रश्न संपला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यावरचे आमचे कितीतरी डीव्हीआर बुडाले. भिजलेली डिस्क कुणी चालू करू नका, हे आम्ही फोनवरून सांगत होतो. काहींनी उन्हात वाळवून चालू केल्याच. तेव्हापासून आम्ही डीव्हीआर पहिल्या मजल्याच्या खाली लावत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलीस ठाण्यांतलं फुटेज १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपायला सांगितलं. बातमी आल्यावर सोसायट्यांचे अध्यक्ष विचारू लागले, आमचं किती दिवसांचं आहे? २ एमबीपीएसचा एकच कॅमेरा १८ महिने ठेवायचा म्हटलं तर जवळपास १२ टीबी लागतात, हे आम्ही त्यांना कागदावर करून दाखवतो. सोळा कॅमेऱ्यांच्या सोसायटीला ३० दिवस हवे असतील तर १० टीबीच्या वर जागा पाहिजे, आणि त्यांच्या एका पोर्टच्या डीव्हीआरला ६ टीबीचीच डिस्क चालते. मग दोन पोर्टचा घ्या, किंवा एच.२६५ वर (चित्रण कमी जागेत बसवणाऱ्या पद्धतीवर) जा, किंवा जिन्यातल्या कॅमेऱ्यांच्या सेकंदाच्या फ्रेम पंचवीसवरून पंधरावर आणा. फाटकाचा कॅमेरा मात्र हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचा, असं लावून देत नाही; ग्राहक रागावला तरी चालेल.

आज आम्ही सात जण आहोत. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) प्रत्येक भेटीच्या कार्डावर पहिला रकाना 'सर्वांत जुनं रेकॉर्डिंग : तारीख' हा आहे, आणि तो पोरानं पडद्यावर चालवून बघूनच भरायचा, त्याखाली ग्राहकाची सही. अण्णांकडचा डीव्हीआर आता तिसरा, कॅमेरे चोवीस. मागच्या आठवड्यात मी स्वतः गेलो होतो. लोडिंगच्या फलाटाचा कॅमेरा उघडला, मागं गेलो. एकेचाळीस दिवसांपूर्वीची सकाळ, गाडी लागलेली, हमाल बॉक्स देताहेत आणि ड्रायव्हर मोजतोय. अण्णांनी चष्मा लावून तारीख वाचली आणि सही केली.